आधी षड्ज, मग आवड

घरात नवी म्युझिक सिस्टीम आली की पहिल्या पंधरवड्यात दोन प्रकारचे सल्लागार हमखास हजेरी लावतात. पहिला येतो तो चहाचा कप हातात धरूनच रिमोट मागतो, बास पुरा वर चढवतो, खिडकीची काच थरथरली की समाधानाने मान डोलावतो आणि विचारतो, ‘‘आता कसे वाटते?’’ दुसरा जरा अभ्यासू असतो. त्याच्या मोबाइलमध्ये आवाज मोजण्याचे ॲप असते. पहिल्याने केलेले सगळे तो पुसून टाकतो आणि बजावून जातो, की ध्वनिमुद्रण करणाऱ्याने जे ऐकले तेच तुम्ही ऐकायचे, बटणांना हात लावायचा नाही. घरची मंडळी बिचारी मधल्या मध्ये अडकतात. पहिल्याच्या मांडणीत गाण्याचे शब्द कळत नाहीत आणि दुसऱ्याच्या मांडणीत गाण्यात जीव वाटत नाही.

घरातला आवाज नेमका कोणाच्या मर्जीने लावायचा, हा वरवर पाहता रिकामटेकड्यांचा प्रश्न वाटेल. तसा तो नाही. टीव्हीखालचा साउंडबार किंवा पाच-सहा स्पीकरांचा संच ही आता मध्यमवर्गीय दिवाणखान्यातली ओळखीची वस्तू झाली आहे. अनेक संचांबरोबर एक छोटा मायक्रोफोनही येतो. तो सोफ्याजवळ ठेवला की यंत्र चित्रविचित्र आवाज काढते, खोली मोजते आणि स्वतःला ‘बरोबर’ करून घेते. मग घरातले कोणीतरी म्हणते, ‘‘यापेक्षा आधीच बरे होते,’’ आणि ती सगळी सोय कायमची बंद होते. बरोबर आणि बरे यांतले हे भांडण मला ओळखीचे वाटते, कारण आपल्या संगीताने ते फार पूर्वी सोडवून ठेवले आहे.

मैफल सुरू होण्यापूर्वी तंबोरे लागतात. त्या वेळी आवडीनिवडीला कोणी थारा देत नाही. खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, जवारी उघडायची, आणि षड्ज खरा लागेपर्यंत थांबायचे. तो लागला की मग प्रत्येकाची वाट वेगळी. कोणाची आलापी संथ, कोणाला लयीशी झुंज घ्यायची असते. घराणी तिथून पुढे सुरू होतात. यातली दुसरी खुबीही ध्यानात घेण्याजोगी आहे. हा षड्ज साऱ्या जगासाठी एक नाही. कोणी पांढरी एकमध्ये गातो, कोणी काळी चारमध्ये. म्हणजे प्रमाण हेसुद्धा त्या मैफलीपुरते ठरवलेलेच असते. पण एकदा ठरले की सगळे त्याला बांधील. घरातल्या आवाजाच्या बाबतीत माझे म्हणणे एवढेच आहे. आधी प्रमाण लावा, मग आवडीला मोकळे सोडा. हा क्रम उलटला की दोन्ही हातचे जातात.

प्रमाण म्हणजे काय, ते आधी पाहू. चित्रपटाच्या बाबतीत ते बरेच पक्के आहे. ज्या दालनात चित्रपटाचा आवाज अखेरचा जुळवला जातो, तिथे ठरावीक चाचणीचा ध्वनी सोडून मुख्य स्पीकरची पातळी ८५ डेसिबलवर आणून ठेवतात. त्यावर आणखी २० डेसिबलची जागा असते, म्हणजे एखाद्या स्फोटाला एकेक स्पीकर १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. चित्रपटगृहही त्याच पातळीला लावलेले असले, की दिग्दर्शकाने जी कुजबुज जितकी हळू ठेवली ती तितकीच हळू ऐकू येते. १९८३ मध्ये जॉर्ज लुकास यांच्या कंपनीत टॉमलिन्सन होल्मन यांनी ‘टीएचएक्स’ ही पद्धत आणली, ती याच शिस्तीसाठी. जुळवणी केलेल्या घरगुती ॲम्प्लिफायरवरही आवाजाचा आकडा शून्यावर नेला की हीच पातळी गाठली जाते. प्रत्यक्षात बहुतेक घरांत आकडा त्याच्या १५-२० डेसिबल खालीच राहतो, आणि ते योग्यच आहे. १०५ डेसिबलचा स्फोट दहा बाय पंधराच्या खोलीत कोणाला हवा असेल?

संगीताच्या बाबतीत मात्र असा करारच नाही. प्रमाणाचा झेंडा घेऊन फिरणाऱ्यांनी इथे थोडे नमते घ्यायला हवे. गाणे कसे वाजावे हे स्टुडिओतला ध्वनिमुद्रक तिथल्या स्पीकरवर ऐकून ठरवतो. तो स्पीकर चांगला की वाईट, हे कशावरून ठरले? तर अशाच कुठल्यातरी ध्वनिमुद्रणावरून. फ्लॉइड टूल या शास्त्रज्ञाने या गरगरीला ‘गोंधळाचे वर्तुळ’ असे नाव दिले आहे. यामाहाचा एनएस-१० हा स्पीकर १९७८ मध्ये घरगुती वापरासाठी बाजारात आला. घरांत त्याचे फारसे स्वागत झाले नाही, कारण तो ऐकायला गोड नव्हता. पण स्टुडिओवाल्यांना तो आवडला. यावर जे बरे वाजेल ते कुठेही बरे वाजेल, असा त्यांचा हिशेब. २००१ मध्ये तो बंद होईपर्यंत जगभरच्या कित्येक गाण्यांचा तोल याच रूक्ष पेटीवर ठरला. उलट उदाहरण बीबीसीचे. बाहेरगावच्या प्रक्षेपणाच्या गाडीतल्या चिंचोळ्या जागेत काम तपासता यावे म्हणून १९७० च्या दशकात बीबीसीच्या अभियंत्यांनी एलएस-३/५ए नावाचा फूटभर उंचीचा स्पीकर तयार केला. हत्यार म्हणून घडवलेली ती वस्तू घरांतल्या रसिकांनी डोक्यावर घेतली. आजही तिचे चाहते आहेत, आणि तिच्या आवाजातली जी ऊब त्यांना भावते ती काटेकोर मापात थोडी चूकच ठरते.

जुन्या ध्वनिमुद्रणांचे तर विचारूच नका. १९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग यांनी गौहर जान यांचा आवाज मुद्रित केला, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून गायचे आणि त्याच कंपनांनी सुई हलायची. विजेच्या साहाय्याने ध्वनिमुद्रण १९२५ नंतर आले. त्यापूर्वीच्या तबकड्यांत खालचा खर्ज आणि वरची झळाळी फारशी उमटतच नसे. पुढेही निरनिराळ्या कंपन्या बास किती दाबायचा आणि ट्रेबल किती उठवायचा याची आपापली मापे वापरत. लाँगप्लेच्या जमान्यात, १९५४ च्या सुमारास, त्यात एकवाक्यता आली. अशी तबकडी ‘आहे तशी’ ऐकायची म्हणजे नेमकी कशी? इथे ट्रेबलचे बटण किंचित खाली आणून खरखर कमी करणारा श्रोता गायिकेचा अपमान करत नाही. तो तिच्या जवळ सरकतो.

इथवर वाचून बासवाले मित्र खूश झाले असतील. पण ‘मला आवडते तेच खरे’ हे म्हणणेही तितकेच पोकळ आहे, कारण आपण जिला आपली आवड समजतो ती पुष्कळदा आपल्या खोलीची करामत असते.

दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब आणि नऊ फूट उंच असा नेहमीचा दिवाणखाना घ्या. समोरासमोरच्या भिंतींमध्ये काही ठरावीक कंपने अडकून राहतात आणि फुगतात. हिशेब सोपा आहे. आवाजाच्या वेगाला भिंतींमधल्या अंतराच्या दुपटीने भागायचे. लांबीसाठी उत्तर येते सुमारे ३८ हर्ट्झ, रुंदीसाठी ५६ आणि उंचीसाठी ६३. पांढरी एकमध्ये लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याच्या खर्जाचे मूळ कंपन सुमारे ६५ हर्ट्झ असते. म्हणजे तंबोऱ्याचा खर्ज आणि घराचे छत यांची गाठ पडलेलीच आहे. ज्या जागी तुम्ही बसता तिथे एखादे कंपन फुगून येते, तर दोन हात पलीकडे तेच नाहीसे होते. डग्ग्यावर मनगट सरकवून वादक घुमारा चढवत नेतो, तेव्हा ती मींड एकसंध असते. घरात मात्र ती एका ठिकाणी ढुम्म करून फुगते आणि पुढच्याच पायरीवर दडून बसते. रोज असे ऐकून त्याची सवय होते, आणि सवयीला आपण आवड म्हणू लागतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. याविषयीचे बहुतेक लेखी सल्ले अमेरिकेतल्या घरांवर बेतलेले असतात. तिथल्या अनेक घरांत लाकडी सांगाड्यावर जिप्समच्या फळ्या ठोकलेल्या असतात आणि खाली गालिचा असतो. त्या फळ्या स्वतः थरथरून खालचे सूर बरेच पिऊन टाकतात. आपल्या काँक्रीटच्या आणि विटांच्या भिंती तसे काही करत नाहीत. त्यात खाली गुळगुळीत फरशी आणि समोर काचेची सरकती खिडकी. खर्ज कोंडून राहतो आणि टाळीसारखे तीक्ष्ण आवाज भिंतीभिंतींवर आपटत फिरतात. म्हणून परदेशी मासिकात वाखाणलेला स्पीकर इथे कर्कश वाटला, तर लगेच त्याला दोष देऊ नये.

यावर पहिला उपाय फुकटाचा आहे. स्पीकर कोपऱ्यातून बाहेर काढा. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर खर्ज उगाच वाढवतो. मागच्या भिंतीला चिकटवलेला सोफा फूटभर पुढे घ्या, कारण भिंतीलगत खर्ज साठतो. समोर सतरंजी टाका, खिडकीला जाड पडदा लावा आणि पुस्तकांचे कपाट उघड्या भिंतीशी आणा. एवढ्याने जो फरक पडतो, तो पुष्कळदा दुप्पट किमतीचा संच आणूनही पडत नाही. मोजणारा मायक्रोफोन त्यानंतर कामाला लावावा. त्यालाही मर्यादा घालून द्यावी. साधारण २०० ते ३०० हर्ट्झच्या खाली खोलीचे राज्य असते. तिथे यंत्राने केलेली दुरुस्ती खरोखर उपयोगी पडते. त्याच्या वर स्पीकरचा स्वतःचा स्वभाव ऐकू येतो. स्पीकर चांगला असेल तर तिथे यंत्राची ढवळाढवळ नको. अनेक यंत्रांत ही सीमा ठरवण्याची सोय असते. ‘जुळवणी केल्यावर गाणे मेल्यासारखे वाटते’ अशी तक्रार ज्या घरांतून येते, तिथे यंत्राने खालपासून वरपर्यंत सगळेच सपाट इस्त्री केलेले असण्याची शक्यता मोठी. खोलीत बसून मोजले तर चांगल्या स्पीकरचाही आलेख खालून वर किंचित उतरता असतो, आणि कानाला तो तसाच नैसर्गिक वाटतो. डेन्मार्कच्या ब्र्युएल अँड केअर या मापनयंत्रे बनवणाऱ्या कंपनीने १९७४ मध्येच असा उतरता आलेख सुचवला होता.

आता कानाकडे वळू. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी एक गोष्ट मोजून दाखवली. आवाज लहान असतो तेव्हा आपल्या कानाला खालचे सूर प्रमाणापेक्षा कमी ऐकू येतात. ध्वनिमुद्रकाने मोठ्या आवाजात जुळवलेले गाणे आपण रात्री हळू लावले, की डग्गा आणि खर्ज आपोआप मागे पडतात. जुन्या ॲम्प्लिफायरवर ‘लाउडनेस’ नावाचे बटण असे, ते यासाठीच. म्हणजे हळू ऐकताना बास थोडा वाढवणारा माणूस प्रमाण मोडत नाही, तो मूळ तोल परत आणतो. बटणाला हात लावायचा नाही म्हणणारा अभ्यासू मित्र इथे हरतो. पण तोच वाढवलेला बास मोठ्या आवाजातही तसाच ठेवला, की पहिला मित्र हरतो.

आणि आपल्या आवडी समजतो तितक्या वेगळ्या असतात का? टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये वर्षानुवर्षे एक प्रयोग चालवला. पडद्याआड स्पीकर ठेवायचे, आवाजाची पातळी सारखी करायची आणि श्रोत्यांना गुण द्यायला सांगायचे. नाव, किंमत, रूप काहीच दिसत नसले की निरनिराळे लोक बऱ्याच अंशी एकाच प्रकारचे स्पीकर निवडतात. ज्यांचा आवाज सर्व पट्ट्यांत समतोल असतो, ते. पुढे टूल आणि त्यांचे सहकारी शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये पडदा बाजूला सारूनही तोच प्रयोग केला, तेव्हा डोळ्यांनी कानाचा निकाल फिरवला. हेडफोनच्या बाबतीत ऑलिव्ह यांच्या पाहणीत सुमारे ६४ टक्के श्रोत्यांना एकच तोल पसंत पडला, १५ टक्क्यांना त्याहून जास्त बास हवा होता आणि २१ टक्क्यांना कमी. म्हणजे आवडीचा प्रांत खरा आहे, पण तो लहान आहे. बहुतेक भांडण खर्ज किती, एवढ्यावरच असते.

हे ज्याला ठाऊक असते तो दुकानात फसत नाही. दोन स्पीकरांत जो किंचित मोठा वाजतो तो चांगला वाटतो, हा कानाचा जुनाच भोळेपणा आहे. डेसिबलभराचा फरक मोठेपणा म्हणून जाणवतही नाही, पण पसंती फिरवतो. तेव्हा तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी करायला सांगावी. आपल्या पूर्ण ओळखीचे एखादे गाणे सोबत न्यावे, आणि त्यात धमाके नसून माणसाचा आवाज असावा. माणसाच्या आवाजातले खोटे आपल्याला चटकन कळते.

पण घर म्हणजे एकटा श्रोता नव्हे. ‘वैयक्तिक आवड’ हा शब्दप्रयोगच मला दिवाणखान्यात अपुरा वाटतो. वयानुसार कानांची वरच्या सुरांची पकड ढिली होते. स, श, त, क ही व्यंजने त्याच पट्ट्यात असतात. त्यामुळे आजींना मालिकेतले संवाद ऐकू येतात पण कळत नाहीत, आणि आवाज वाढवला तर पार्श्वसंगीत अंगावर येते. पाच स्पीकरांच्या संचात संवाद बहुतांशी मधल्या स्पीकरमधून येतात. तो दोन-तीन डेसिबलने वर घेतला की हा प्रश्न बराच सुटतो. मापाच्या दृष्टीने ही चूक, घराच्या दृष्टीने हेच बरोबर. रात्री मुले झोपल्यावर मोठे आवाज दाबून लहान उचलणारी ‘नाइट’ची सोय वापरणे हेही तसेच. ज्या घरात आजी संवादाला हसू शकत नाहीत, तिथली बिनचूक जुळवणी मला अर्धवटच वाटते.

भिंतीपलीकडेही माणसे राहतात. खर्ज भिंत सहज ओलांडतो. आपल्याला मजा देणारा घुमारा शेजाऱ्याच्या उशाशी नुसती धडधड होऊन पोहोचतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ती गणपतीच्या मंडपाला सांगताना आपला आवाज चढतो, स्वतःच्या सबवूफरसमोर मात्र बसतो. आणि घरातल्या मुलांच्या कानांचाही विचार हवा. कानाला लावून ऐकण्याच्या उपकरणांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये मोठ्यांना आठवड्याला ४० तास ८० डेसिबल आणि मुलांना तेवढाच वेळ ७५ डेसिबल अशी मर्यादा सुचवली आहे. ऐकण्याची ताकद एकदा गेली की कोणतीही जुळवणी ती परत आणत नाही.

तेव्हा क्रम असा असावा. आधी खोली नीट करा. मग मापाने जुळवा. त्यानंतर दोन आठवडे कशालाही हात लावू नका. जुन्या सवयीचा गलका ओसरायला कानाला तेवढा वेळ द्यावाच लागतो. मग जे खटकते ते एका वेळी एकच, दोन-तीन डेसिबलच्या बेताने बदला आणि काय बदलले ते वहीत लिहून ठेवा. गाण्यासाठी एक, सिनेमासाठी एक आणि आजींसाठी एक अशा मांडण्या यंत्रात साठवता येतात. मूळ मापाची मांडणी मात्र पुसू नका. नवे गाणे प्रथम ऐकायचे ते तिच्यावर. परतीची वाट माहीत असणाऱ्यालाच भटकण्याचा आनंद घेता येतो.

या सगळ्याच्या मागे मला एक काळजी आहे. चित्रपटगीताला स्टुडिओबाहेर मूळ असे रूप नसतेच, पण तंबोरा, तबला, सारंगी, बासरी यांना ते आहे. आज पुष्कळ मुलांनी तबला ऐकलेला असतो तो स्पीकरमधूनच. सभागृहातही तो ध्वनिक्षेपकातून येतो. त्यांच्या लेखी डग्गा म्हणजे छातीवर बसणारा दणका. चाटेवरची शाईच्या कडेची बारीक किणकिण, वादकाच्या बोटाचा स्पर्श, तंबोऱ्याच्या चार तारांतून उठणारा पाचवाच सूर, हे त्यांनी ऐकलेलेच नसते. ज्याने मूळ ऐकले नाही त्याच्यासाठी बरोबर आणि आवडते यांत निवड उरतच नाही, जे कानावर पडते तेच प्रमाण होते. महाराष्ट्रात आणि गोव्यात घरगुती बैठकांची परंपरा अजून टिकून आहे. देवळांतून भजन आहे. गावोगावी संगीताचे वर्ग चालतात. नवा स्पीकर घेण्यापूर्वी एकदा मुलांना घेऊन अशा ठिकाणी, ध्वनिक्षेपकाशिवाय, वादकापासून पाच-सहा हातांवर बसा. कोणतेही यंत्र देऊ शकणार नाही ते माप तिथे मिळते, आणि पुढे घरातले प्रत्येक बटण फिरवताना ते कानात राहते.